पैशाची रक्कम मॉडेलमध्ये कशी ठेवावी: फ्लोट, डेसिमल की पूर्णांक?

प्रश्न असा आहे. जँगो या पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये वस्तूची किंमत, कर आणि ग्राहकाची शिल्लक हे सगळं आज फ्लोटफील्डमध्ये आहे. महिनाअखेरीच्या अहवालाची बेरीज आणि बिलांची बेरीज यांत शेवटच्या दशांशाचा फरक येतो. थोड्याच दिवसांत दुसऱ्या चलनातही विक्री सुरू व्हायची आहे. मग मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्याचं कोडमधलं वर्णन) डेसिमलचं, म्हणजे दशांश जसेच्या तसे साठवणारं, करावं, की सगळ्या रकमा सेंटसारख्या लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवाव्यात?

माझं उत्तर डेसिमल. सोबत प्रत्येक रकमेशेजारी चलनाचा कोड, आणि राउंडिंग करणारं फंक्शन अख्ख्या कोडमध्ये एकच. यातला पहिला भाग सगळे करतात, तिसरा बहुतेक जण सोडून देतात. म्हणूनच फील्डचा प्रकार बदलूनही ताळा जुळत नाही.

आधी फ्लोटचं उरकून टाकू. पायथनचा फ्लोट म्हणजे आयईईई ७५४ या संगणकी संख्यांच्या प्रमाणातली ६४ बिटांची द्विमान संख्या. दशमान पद्धतीत जसा एकतृतीयांश संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत एकदशांश संपत नाही. तुम्ही ०.१ लिहिता तेव्हा प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५१११५ अशी लांबत जाणारी संख्या साठवली जाते. एकट्या रकमेत हे दिसत नाही, गुणाकार केला की दिसतं. १९.९९ गुणिले १०० हे फ्लोटमध्ये १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, आणि त्यावर इंट (पूर्णांक करणारं फंक्शन) लावला की १९९८ उरतात. एक सेंट गेला, तोही कुठलीही एरर न येता. २.६७५ ला दोन दशांशांवर राउंड केलं तर २.६७ मिळतं, कारण साठवलेली संख्या मुळातच २.६७५ पेक्षा किंचित कमी असते. यावर ‘शेवटी एकदा राउंड करून घेऊ’ हा उपाय चालत नाही. चुकीच्या बाजूला झुकलेली संख्या राउंड केली की चूक पक्की होते.

पायथनमध्ये डेसिमल मॉड्यूल २.४ या आवृत्तीपासून आहे आणि ३.३ पासून त्याचा गाभा सी भाषेत आहे, त्यामुळे ‘डेसिमल हळू चालतं’ ही तक्रार वेब अ‍ॅपपुरती तरी निकालात निघालेली आहे. एका पानासाठी डेटाबेसकडे जो फेरा होतो, त्यापुढे या बेरजांचा वेळ मोजण्याजोगा नसतो.

मात्र डेसिमल नेहमी स्ट्रिंगमधून किंवा पूर्णांकातून बनवा. फ्लोट ०.१ देऊन डेसिमल बनवलंत तर वरची लांबलचक शेपटी जशीच्या तशी आत येते. डेसिमल आणि फ्लोट यांची बेरीज केली की पायथन टाइपएरर देतो, तो मला आवडतो: जुन्या कोडमध्ये फ्लोट कुठे कुठे दडले आहेत ते आपोआप कळतं. तुलना मात्र गुपचूप चालते. डेसिमल ०.१ आणि फ्लोट ०.१ यांची बरोबरी तपासली तर उत्तर फॉल्स येतं, एरर येत नाही. टेस्ट चालवताना डेसिमलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्या गणिताच्या सेटिंग्जमध्ये, फ्लोटऑपरेशन हा ट्रॅप (एरर देणारा सापळा) चालू करा. मग थेट फ्लोटमधून डेसिमल बनवणं आणि फ्लोटशी लहान-मोठेपणा तपासणं या दोन्हींवर एरर येते. बरोबरीची तपासणी तेवढी त्यातूनही सुटते, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

आता जँगोचं मॉडेल. डेसिमलफील्डला मॅक्स-डिजिट्स आणि डेसिमल-प्लेसेस द्यावेच लागतात. बिलाच्या रकमेसाठी मी साधारण १९ आणि ४ घेतो: दशांशाच्या डावीकडे १५ अंक, उजवीकडे ४. नगाच्या दरासाठी वेगळं फील्ड, त्यात ६ दशांश. दर आणि रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका एपीआय कॉलचा दर ०.०००४ असू शकतो, पण ग्राहकाकडून घ्यायची रक्कम चलनात खरोखर असलेल्या एककातच हवी. दोन्हींना एकच दोन दशांशांचा साचा लावला की लहान दर शून्य होऊन बसतात.

इथे एक गैरसमज फार आढळतो. सेव्ह बोलावलं म्हणजे व्हॅलिडेटर (डेटा तपासणारे नियम) चालले असं लोक धरून चालतात. ते चालत नाहीत. फॉर्ममधून आलेला डेटा तपासला जातो, पण शेलमधून, बॅकग्राउंड टास्कमधून किंवा बल्क-क्रिएटमधून (एकदम अनेक ओळी घालून) आलेला नाही. तिथे फुल-क्लीन ही तपासणीची मेथड तुम्हीच बोलवायला हवी. दुसरं, ऑब्जेक्टच्या फील्डला तुम्ही स्ट्रिंग किंवा फ्लोट दिलात, तर सेव्हनंतरही मेमरीत तीच स्ट्रिंग किंवा तोच फ्लोट राहतो. रिफ्रेश-फ्रॉम-डीबी केल्यावरच डेटाबेसमधली खरी किंमत दिसते. सेव्ह केल्याकेल्या त्याच ऑब्जेक्टवरून ईमेल पाठवणारा कोड इथे फसतो: ईमेलमध्ये एक रक्कम, डेटाबेसमध्ये दुसरी.

डेटाबेसचाही स्वभाव ओळखून असावं. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक आणि मायएसक्यूएलचा डेसिमल हे खरे दशमान प्रकार आहेत. एसक्यूलाइटमध्ये असा प्रकारच नाही. तिथे दशांश असलेली रक्कम आतून ८ बाइटांच्या फ्लोटमध्ये जाते. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस अशी मांडणी असेल, तर पैशांच्या टेस्ट पोस्टग्रेसवरच चालवा. एसक्यूएलअल्केमी ही पायथनची डेटाबेस लायब्ररी वापरणाऱ्यांनी न्यूमेरिक घ्यावा. तो मुळातच डेसिमल परत देतो, तिचा फ्लोट नावाचा प्रकार मात्र डेसिमल देत नाही. पोस्टग्रेसमध्ये मनी नावाचाही एक प्रकार आहे. नाव मोहात पाडणारं आहे, पण किती दशांश ठेवायचे हे तो डेटाबेसच्या लोकेल सेटिंगवरून ठरवतो आणि चलन कोणतं हे साठवतच नाही. तो वापरू नका.

आता राउंडिंग. माझ्या मते या विषयाचा जीव इथे आहे.

अर्ध्यावर आलेली संख्या कुठे न्यायची याचे दोन प्रचलित नियम आहेत. एक शाळेत शिकवतात तो: अर्धं आलं की वर. दुसरा, अर्धं आलं की जवळच्या सम अंकाकडे. यात हजारो व्यवहारांत वर आणि खाली जाणाऱ्या रकमा साधारण सारख्या होतात. पायथनच्या डेसिमलमध्ये मुळात दुसरा नियम लावलेला आहे. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक मात्र अर्ध्याला शून्यापासून दूर नेतो, मायएसक्यूएलचा डेसिमलही तसंच करतो. म्हणजे २.६६५ ही रक्कम पायथनमध्ये क्वांटाइझ केली (ठरलेल्या दशांशांवर आणली) तर २.६६, आणि न गोल करता तशीच पोस्टग्रेसच्या दोन दशांशांच्या कॉलममध्ये गेली तर २.६७. जँगोच्या टेम्प्लेटमधला फ्लोटफॉरमॅट फिल्टर पुन्हा शाळेतला नियम लावतो. एकाच अ‍ॅपमध्ये दोन नियम एकाच वेळी काम करत असतात आणि कोणी ते मुद्दाम निवडलेले नसतात.

एका कामात मी नेमकं हेच पाहिलं. तिथे फ्लोट काढून डेसिमल आणलं होतं, मायग्रेशन (डेटाबेसचा साचा बदलणं) नीट झालं होतं, तरी ग्राहकाच्या हातातल्या बिलावरचा कर आणि खातेवहीतला कर कधीकधी ०.०१ ने वेगळे. दोन दिवस आम्ही डेटाबेस धुंडाळत होतो. बिलाची पीडीएफ न राउंड केलेल्या आकड्याला फ्लोटफॉरमॅट लावून बनत होती, आणि खातेवहीत जाणारा आकडा क्वांटाइझमधून जात होता. ०.५०५ चा कर कागदावर ०.५१ आणि वहीत ०.५०. दोन्ही कोड आपापल्या जागी बरोबर होते, चुकीचं होतं ते दोन ठिकाणी राउंड करणं. तेव्हापासून माझा नियम आहे: टेम्प्लेट फक्त दाखवतं, राउंड करत नाही. दाखवायला आलेली रक्कम आधीच चलनाच्या एककात बसलेली असली पाहिजे.

कराचं उदाहरण आणखी पुढे नेऊ. बिलात तीन ओळी, प्रत्येकी १०.१०, कर ५ टक्के. प्रत्येक ओळीचा कर ०.५०५. शाळेच्या नियमाने ओळीओळीला राउंड केलं तर ०.५१ गुणिले ३, म्हणजे १.५३. समअंकी नियमाने ओळीओळीला केलं तर १.५०. आणि आधी ३०.३० ची बेरीज करून कर काढला तर १.५१५, जो दोन्ही नियमांनी १.५२ होतो. एकाच बिलाची तीन उत्तरं आली आणि एकाही ठिकाणी फ्लोट नाही. यातलं कोणतं योग्य हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नसतं. ज्या देशात बिल निघतं तिथला करनियम आणि कंपनीचा हिशेबनीस यांना विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि मगच फंक्शन लिहा.

राउंडिंगकडे दुर्लक्ष केल्याचं सार्वजनिक उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचं आहे. १९८२ च्या जानेवारीत त्यांचा निर्देशांक १००० वर सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढताना तीन दशांशांपुढचा भाग नुसता कापून टाकला जाई. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक ५२४.८११ वर घसरलेला दिसत होता. नीट राउंड करून पुन्हा मोजला तेव्हा तो १०९८.८९२ निघाला. प्रत्येक वेळी कापला गेलेला भाग एका अंकाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान होता, पण नेहमी एकाच बाजूचा. पायथनमध्ये इंट लावणं म्हणजे हेच कापणं.

कोडमध्ये एक छोटं फंक्शन ठेवा: रक्कम आणि चलन घ्यायचं, त्या चलनाचे दशांश शोधायचे, क्वांटाइझला राउंडिंगचा नियम नाव घेऊन द्यायचा. नियम सेटिंग्जच्या फाइलमध्ये गेट-कॉन्टेक्स्टवर एकदा लावून मोकळं होण्याचा मोह टाळा. डेसिमलचा कॉन्टेक्स्ट प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या प्रत्येक धाग्याचा, वेगळा असतो. मुख्य थ्रेडमध्ये लावलेला नियम विनंत्या हाताळणाऱ्या दुसऱ्या थ्रेडला लागू होत नाही, आणि मग लॅपटॉपवर बरोबर चालणारं गणित सर्व्हरवर वेगळं येतं. ही चूक शोधायला फार वेळ खाते. त्याच फंक्शनमध्ये शेवटी शून्य मिळवा, कारण उणे ०.००१ राउंड झालं की डेसिमल उणे ०.०० देतं आणि ते बिलावर तसंच छापलं जातं.

भागाकार हा वेगळा विषय आहे. १०० चे तीन समान हप्ते ३३.३३ केले तर ९९.९९ होतात. रक्कम भागायची नाही, वाटायची. आधी ती लहान एककात न्या: १०,००० सेंट. पूर्णांक भागाकाराने प्रत्येकाला ३,३३३, बाकी १. ती बाकी ठरलेल्या क्रमाने एकेक करून वाटा. पहिला हप्ता ३३.३४, उरलेले ३३.३३. वाटणीचे हिस्से सारखे नसतील, जसं एका बिलावरची सूट वेगवेगळ्या ओळींवर पसरायची असेल, तेव्हा ज्या ओळीचा कापलेला अंश सर्वांत मोठा तिला बाकी आधी द्या. क्रम कोणताही चालेल, पण दरवेळी तोच हवा, आणि निघालेले हिस्से डेटाबेसमध्ये साठवा. सहा महिन्यांनी एका ओळीचे पैसे परत करायचे ठरले की साठवलेला आकडा उचलायचा. त्या वेळी टक्केवारीने नव्याने काढायला गेलात तर परताव्यांची बेरीज मूळ बिलाहून एक सेंट जास्त होण्याची वेळ येते.

आता पूर्णांकाचा पर्याय. त्याला मी नावं ठेवत नाही. अनेक पेमेंट गेटवे (कार्डाचे पैसे घेणाऱ्या सेवा) रक्कम लहान एककातच मागतात, आणि पूर्णांकात राउंडिंगची चोरवाट राहत नाही. पण मॉडेलमध्ये तो ठेवलात तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, जँगोचं साधं इंटिजरफील्ड ३२ बिटांचं आहे. सेंटमध्ये मोजलं तर २,१४,७४,८३६.४७ वर ते भरतं, तेव्हा बिगइंटिजरफील्डच घ्या. दुसरी, सेंटहून लहान दर त्यात बसत नाहीत. आणि तिसरी, जिने मी सर्वांत जास्त वेळा अडचण झालेली पाहिली आहे: डेटाबेसवरून थेट अहवाल काढणारी माणसं १०० ने भागायचं विसरतात. कॉलमच्या नावातच एकक घातलं तर थोडा आधार मिळतो. आभासी चलनांत हे आणखी अवघड होतं. इथरला १८ दशांश असतात, त्यामुळे त्याच्या सर्वांत लहान एककात मोजलं तर ६४ बिटांच्या पूर्णांकात जेमतेम ९.२२ इथर मावतात.

त्यातही ‘१०० ने गुणा’ हे गृहीतकच चुकीचं आहे. आयएसओ ४२१७ हे १९७८ पासूनचं प्रमाण प्रत्येक चलनाला तीन अक्षरी कोड आणि दशांशांची संख्या देतं. डॉलरला २, पण जपानी येनला ०, कोरियन वॉनला ०, आणि कुवेती, बहरिनी, जॉर्डनी दिनारांना ३. ५,००० येनला १०० ने गुणून गेटवेकडे पाठवलंत तर ग्राहकाच्या कार्डावर ५,००,००० येन पडतील. मॉरिटानिया आणि मादागास्कर यांच्या चलनांचं लहान एकक तर मूळ एककाचा पाचवा भाग आहे, तरी प्रमाणात त्यांना २ दशांश दिलेले आहेत. म्हणून दशांशांची संख्या कोडमध्ये आकडा म्हणून लिहू नका, चलनाच्या तक्त्यातून घ्या.

चलनाचा तक्ता ठेवलात तर त्यातली ओळ कधीही पुसू नका, बंद झाल्याची खूण करा. २००५ मध्ये तुर्कस्तानने लिरावरची सहा शून्यं काढली आणि नव्या लिराला नवा कोड मिळाला. २०२३ च्या १ जानेवारीला क्रोएशियाने कुना सोडून युरो घेतला. जुनी बिलं जुन्या चलनातच राहणार.

रक्कम आणि चलन मॉडेलमध्ये जोडीने असावेत: एकतर दोन्ही भरलेले, नाहीतर दोन्ही रिकामे. हे चेककन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसमधली अट, घालून डेटाबेसकडूनच पाळून घ्या. जँगो-मनी हे पॅकेज तुम्हाला हे बरंचसं तयार देतं, त्याचं मनीफील्ड दोन कॉलम बनवतं. स्वतः लिहायचं असेल तर न बदलणारा छोटा डेटाक्लास पुरतो. बेरीज-वजाबाकीत चलन वेगळं निघालं की एरर, रकमेला रकमेने गुणायची सोय नाही, भागाकाराऐवजी वाटणीची मेथड. पायथनचा सम शून्यापासून सुरुवात करतो, आणि शून्याला चलन नसतं. तेव्हा सुरुवातीची किंमत त्या चलनातलं शून्य म्हणून हाताने द्या. एवढं करूनही एक दार उघडं राहतं. क्वेरीसेटवरचा, म्हणजे जँगोच्या डेटाबेस-क्वेरीवरचा, सम चलन पाहत नाही, येन आणि डॉलर निमूटपणे एकत्र मिळवतो. अ‍ॅग्रीगेट (बेरजेसारखा एकत्रित हिशेब) करणारी प्रत्येक क्वेरी चलनानुसार गट पाडूनच लिहा. एकही ओळ सापडली नाही तर सम नन (म्हणजे ‘काहीच नाही’) देतो, हेही ध्यानात ठेवा, जँगो ४.० पासून त्याला डिफॉल्ट देता येतो.

चलन बदलून घेतलेल्या व्यवहारात मूळ रक्कम, बदललेली रक्कम, लावलेला दर आणि दराची वेळ अशा चारही गोष्टी साठवा. दराला निदान १० दशांश द्या. उलटा दर भागून काढू नका. खरेदीचा आणि विक्रीचा दर मुळातच वेगळे असतात.

बाहेरून येणाऱ्या आकड्यांविषयी. जेसन या डेटा पाठवायच्या स्वरूपात रक्कम स्ट्रिंग म्हणून पाठवा, कारण जावास्क्रिप्टकडे गेलेली संख्या पुन्हा फ्लोटच होते. जँगो रेस्ट फ्रेमवर्क डेसिमलची मुळातच स्ट्रिंग करतं, पायडँटिक या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीची दुसरी आवृत्तीही तसंच करते. ‘फ्रंटएंडला सोपं जावं’ म्हणून ते बंद करू नका. दुसऱ्याकडून संख्या म्हणूनच येत असेल तर जेसन लोड करताना पार्स-फ्लोटला डेसिमल द्या. डेसिमल स्वतः बरंच उदार आहे: त्याला १ई५ चालतं, अंकांमधली अंडरस्कोर चालते, आपले देवनागरी अंकही चालतात. ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) हा शब्दही चालतो, आणि तिथे सावध व्हायला हवं. पोस्टग्रेसच्या न्यूमेरिकमध्ये नॅन साठवता येतो आणि तो सगळ्या संख्यांहून मोठा मानला जातो. ‘रक्कम शून्याहून कमी नको’ अशी अट तो सहज पार करतो, आणि त्यानंतर त्या कॉलमची प्रत्येक बेरीज नॅन येते. अटीत कमाल मर्यादाही घाला, म्हणजे तो आत येत नाही.

राहिलं तुमचं मायग्रेशन. जुन्या फ्लोट कॉलमचा प्रकार जागच्या जागी बदलू नका. शेजारी नवा डेसिमल कॉलम आणि चलनाचा कॉलम घाला, राउंडिंगच्या त्या एका फंक्शनमधून सगळ्या ओळी भरा, आणि जिथे जुनी आणि नवी रक्कम फ्लोटच्या नेहमीच्या शेपटीहून अधिक वेगळी आहे त्या ओळींची यादी काढा. ती यादी हिशेबनिसाला दाखवा. ग्राहकाला दिलेल्या बिलावर जे छापलं गेलं तेच धरायचं, गणिताने आता वेगळं आलं तरी. फरक वेगळ्या नोंदीने दाखवायचा. काही दिवस दोन्ही कॉलम लिहा, वाचा मात्र नव्यातून. एक पूर्ण महिनाअखेर अहवाल आणि बिलं जुळली की जुना कॉलम काढून टाका.